स्वस्त डॅशकॅम ऐन वेळी दगा का देतो: कार्ड, वीज आणि ऊन

डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेपाशी लावून समोरचा रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा, नीट चालेनासा झाला की पहिला संशय कॅमेऱ्यावर जातो आणि बऱ्याचदा तो चुकीचा असतो. दोन-चार हजारांच्या कॅमेऱ्यातली लेन्स, सेन्सर आणि चिप सहजासहजी मरत नाहीत. मरतं ते मेमरी कार्ड, अपुरी पोचते ती वीज आणि उन्हाने फुगते ती आतली छोटी बॅटरी. पंचाईत अशी की या तिन्हींची लक्षणं जवळपास सारखीच दिसतात: कॅमेरा आपोआप बंद-चालू होतो, 'कार्ड एरर' येतं, फाइल उघडत नाही. मग लोक अंदाजाने एकदा कार्ड बदलतात, एकदा चार्जर बदलतात आणि शेवटी कंटाळून नवा कॅमेरा आणतात. तो नवा कॅमेरा त्याच जुन्या वायरीला लागतो, त्यात तेच जुनं कार्ड जातं आणि महिन्याभरात तीच रड सुरू होते.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते ठरवायचं. त्याला एक तास पुरतो.

घड्याळासमोर एक तास

कॅमेरा गाडीतून काढून घरी आणा. कार्डातलं हवं ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. लूप रेकॉर्डिंग, म्हणजे ठरावीक लांबीच्या फाइली करत जाऊन कार्ड भरलं की सगळ्यात जुनीवर पुन्हा लिहिणं, ३ मिनिटांवर ठेवा. मग फोनच्या ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या साध्या चार्जरला मीटरभराच्या चांगल्या केबलने कॅमेरा जोडा आणि सेकंदकाटा असलेल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून ठेवा. तासभर हात लावू नका. तास झाला की कॅमेऱ्याचं बटण न दाबता थेट चार्जरचं बटण बंद करा. गाडीची चावी काढल्यावर कॅमेऱ्याची वीज अशीच जाते, त्यामुळे ही शेवटची पायरी चुकवायची नाही.

आता कार्ड लॅपटॉपला लावा. ३ मिनिटांच्या हिशेबाने २० फाइली असायला हव्यात. फुल एचडीला त्यांचा आकार साधारण ३०० ते ३५० एमबी भरतो. कमी-जास्त चालेल, पण सगळ्या एकमेकींच्या आसपास हव्यात. एका फाइलचा शेवट आणि पुढच्या फाइलची सुरुवात लागोपाठ बघा. सेकंदकाटा जुळला किंवा एखादा सेकंद सुटला तर या किमतीच्या कॅमेऱ्याला ते चालायचंच. चार-पाच सेकंद गायब असतील, मधली एखादी फाइलच नसेल किंवा चित्र मध्येच गोठत असेल, तर कार्डाला लिहायला वेळ लागतोय. सगळ्यात शेवटची फाइल उघडत नसेल तर आतली बॅटरी गेली आहे, कारण वीज गेल्यावर ती फाइल बंद करण्यापुरती दोन-चार सेकंदांची ताकद तिनेच द्यायची असते.

घरी सगळं चोख आणि गाडीत गडबड असेल तर दोष गाडीतल्या विजेचा किंवा उष्णतेचा. घरीही गडबड असेल तर खात्रीच्या दुसऱ्या कार्डावर हाच तास पुन्हा चालवा. कार्ड बदलूनही तेच होत असेल तरच कॅमेऱ्याला दोष द्या. कार्ड काढून ठेवूनही कॅमेरा घरच्या चार्जरवर बंद-चालू होत असेल, तर कार्डाचा काही संबंध नाही हे तिथेच कळतं.

कार्डावर नेमका किती भार पडतो

फोनमधलं कार्ड एकदा गाण्यांनी नाहीतर फोटोंनी भरतं आणि मग बहुतांशी वाचलंच जातं. डॅशकॅममधलं कार्ड गाडी चालू असेपर्यंत सतत लिहिलं जातं, भरलं की सगळ्यात जुनी फाइल पुसून पुन्हा लिहिलं जातं. फुल एचडी रेकॉर्डिंगचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवायचा मजकूर, स्वस्त कॅमेऱ्यात सेकंदाला १५ मेगाबिटच्या आसपास असतो. ८ मेगाबिटचा १ मेगाबाइट, म्हणजे सेकंदाला जेमतेम २ मेगाबाइट, तासाला सुमारे पावणेसात जीबी. ३२ जीबीचं कार्ड पावणेपाच तासांत भरतं, ६४ जीबीचं साडेनऊ तासांत.

रोज दोन तास गाडी चालवणाऱ्याच्या कार्डावर वर्षाला सुमारे ५ टीबी (५,००० जीबी) लिहिलं जातं. ६४ जीबीचं कार्ड त्यात ७५-८० वेळा पूर्ण भरून पुसलं जातं. रोज बारा तास चालणाऱ्या टॅक्सीत हाच आकडा वर्षाला ३० टीबीच्या घरात जातो, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डाचे साडेचारशेहून जास्त फेरे आणि ३२ जीबीच्या कार्डाचे नऊशेहून जास्त.

हे फेरे मोजून मिळालेले असतात. कार्डातल्या फ्लॅश मेमरीत लहान तुकडा लिहिता येतो, पण पुसताना मोठा ठोकळा एकदम पुसावा लागतो. पाटीवरची एक ओळ बदलायची तर अख्खी पाटी पुसून बाकीच्या ओळी पुन्हा लिहाव्या लागाव्यात, तसं. दर पुसण्यागणिक त्या ठोकळ्यातल्या पेशींचं आवरण थोडं थोडं झिजतं. स्वस्त कार्डातल्या एका पेशीत तीन किंवा चार बिट कोंबलेले असतात आणि अशी पेशी साधारण काही शे ते एखाद-दोन हजार फेरेच सोसते. त्यात कॅमेरा व्हिडिओबरोबर फाइलींची यादीही सतत सुधारत असतो. त्या बारीकसारीक लिखाणापायी कार्डाला आतल्या आत दिसतं त्याहून जास्त पुसापुशी करावी लागते. म्हणून साधं कार्ड टॅक्सीत वर्षभरात गेलं तर त्यात नवल नाही, ते त्या कामासाठी बनवलेलंच नव्हतं. बऱ्याच साध्या कार्डांच्या वॉरंटीच्या अटींत सतत रेकॉर्डिंगचा वापर वगळलेला असतो. तेवढी ओळ घेण्याआधी वाचा.

आता कार्डावर छापलेल्या खुणांकडे बघू. क्लास १०, यू१ आणि व्ही१० या तिन्हींचा अर्थ एकच: सलग लिहिताना सेकंदाला किमान १० मेगाबाइट. यू३ आणि व्ही३० म्हणजे किमान ३०. आपल्या कॅमेऱ्याला लागतात २. तेव्हा वेगासाठी यू१ भरपूर झालं. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेला शंभर-दीडशेचा आकडा वाचनाचा असतो, त्याचा डॅशकॅमला उपयोग नाही. ए१, ए२ या खुणा फोनमधल्या अ‍ॅपसाठी आहेत.

डॅशकॅमसाठी बघायचा शब्द एकच, 'एन्ड्युरन्स', म्हणजे सततचं लिखाण सोसण्याची ताकद. सॅनडिस्कच्या हाय एन्ड्युरन्स मालिकेत कंपनी फुल एचडी रेकॉर्डिंगचे ३२ जीबीला २,५०० तास, ६४ ला ५,००० आणि १२८ ला १०,००० तास देते. मॅक्स एन्ड्युरन्स या वरच्या मालिकेत ६४ जीबीला ३०,००० तास. सॅमसंगची प्रो एन्ड्युरन्स याच कामाची. आकडे कंपनीचे आहेत, पण तुलनेला उपयोगी पडतात: रोज दोन तास चालणाऱ्या गाडीला ५,००० तास म्हणजे साडेसहा वर्षांहून जास्त, रोज बारा तासांच्या टॅक्सीला चौदा महिनेदेखील नाहीत. घरच्या गाडीला हाय एन्ड्युरन्स पुरे, धंद्याच्या गाडीला मॅक्स घ्या. आणि कॅमेरा चालवून घेत असेल तर मोठं कार्ड घ्या. तेवढाच मजकूर मोठ्या जागेत पसरला की फेरे कमी होतात आणि आयुष्य त्याच प्रमाणात वाढतं.

मेलेलं कार्ड कसं ओळखायचं

एक लक्षण इतकं पक्कं आहे की ते दिसलं की पुढे काही तपासायची गरज नाही. कार्ड फॉरमॅट केलं, 'झालं' असा संदेश आला, कार्ड काढून पुन्हा लावलं आणि जुन्या फाइली जशाच्या तशा परत दिसल्या. पेशी संपत आल्या की कार्डातला कंट्रोलर, म्हणजे लिहिणं-वाचणं सांभाळणारी चिप, स्वतःला फक्त वाचण्यापुरतं कुलूप लावून घेतो. कॅमेरा लिहितो, कार्ड हो म्हणतं, पण आत काहीच उतरत नाही. स्क्रीनवर लाल ठिपका लुकलुकत राहतो आणि चार-चार महिने एकही नवी फाइल तयार झालेली नसते. हे कुलूप कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही. त्यातला मजकूर उतरवून घ्या आणि कार्ड टाकून द्या.

म्हणूनच महिन्यातून एकदा कार्ड काढून शेवटच्या फाइलची तारीख बघायची. लाल दिव्यावर विसंबून राहू नका.

'कार्ड टाका' असा संदेश कार्ड आत असतानाही येत असेल तर ते मेलंच आहे असं लगेच धरू नका. कार्ड टक्क आवाज होईपर्यंत आत गेलंय का बघा. काही स्वस्त कॅमेऱ्यांत खाच आणि कव्हर यांच्यात फट असते, कार्ड खाचेत न जाता त्या फटीत सरकतं. सोनेरी पट्ट्या काळपटल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या ईअरबडने पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा. कोकण-गोव्यात पावसाळ्यानंतर हा त्रास बराच दिसतो. आणि कॅमेरा चालू असताना कार्ड कधीच ओढायचं नाही. आधी वीज बंद, स्क्रीन विझू द्या, मग कार्ड.

नकली कार्ड

ऑनलाइन स्वस्तात १२८ किंवा २५६ जीबी मिळतंय असं वाटलं तर थांबा. नकली कार्डात मेमरी ८ किंवा १६ जीबीच असते, फक्त कंट्रोलरला '१२८ सांग' असं शिकवलेलं असतं. कॅमेऱ्याला आणि कॉम्प्युटरला तो १२८ च दाखवतो. खरी जागा संपेपर्यंत सगळं छान चालतं. त्यानंतरचं लिखाण जुन्यावरच पडतं किंवा हवेत जातं. फाइलींची नावं यादीत दिसतात, आकारही बरोबर दिसतो, उघडल्यावर मात्र काळा पडदा. नव्या कार्डावर पहिले दोन तास छान आणि नंतरच्या सगळ्या फाइली खराब, असं दिसलं की जवळजवळ खात्रीने हेच.

तपासणी फुकटात होते. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ३. ही साधनं कार्ड काठोकाठ ओळखीच्या मजकुराने भरतात आणि मग पहिल्यापासून वाचून ताडून बघतात. ६४ जीबीला तासभर किंवा जास्त लागू शकतो. नवं कार्ड कुठल्याही कंपनीचं असो, परत करण्याची मुदत संपायच्या आत ही परीक्षा घ्या. कार्ड आधी पूर्ण रिकामं करा, नाहीतर निकाल अर्धवट येतो.

३२ जीबीची मर्यादा आणि फॉरमॅट

स्वस्त कॅमेऱ्याच्या खोक्यावर '३२ जीबीपर्यंत' लिहिलेलं असतं, ६४ चं कार्ड घातलं की तो 'कार्ड एरर' दाखवतो आणि माणूस कार्ड परत करून येतो. बऱ्याचदा अडचण जागेची नसून मांडणीची असते. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एफएटी३२ पद्धतीने मांडलेली येतात, ६४ पासून पुढची एक्सफॅट पद्धतीने. स्वस्त कॅमेऱ्याच्या फर्मवेअरला, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरला, बऱ्याचदा एक्सफॅट वाचता येत नाही. ६४ चं कार्ड एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून घातलं की असे बरेच कॅमेरे ते मुकाट्याने स्वीकारतात.

आधी कॅमेऱ्याच्याच मेन्यूतून फॉरमॅट करून बघा, काही कॅमेरे एफएटी३२ स्वतःच करून घेतात. नाही जमलं तर लॅपटॉप. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या कार्डाला एफएटी३२ चा पर्याय सहसा दिसत नाही, त्यासाठी रूफस किंवा जीयूआयफॉरमॅट यांपैकी एखादं सॉफ्टवेअर वापरा. अ‍ॅलोकेशन युनिट ३२ किंवा ६४ केबी ठेवा. लॅपटॉपवर झालं की कार्ड कॅमेऱ्यात घालून तिथे पुन्हा एकदा फॉरमॅट करा, म्हणजे कॅमेरा आपले फोल्डर आपल्या पद्धतीने बनवतो. एफएटी३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, पण आपली ३ मिनिटांची फाइल साडेतीनशे एमबीची, तेव्हा त्याची काळजी नको.

कार्ड ठीक चालत असलं तरी महिन्या-दोन महिन्यांनी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करत जा. वीज अचानक गेल्यावर फाइलींच्या यादीत अर्धवट नोंदी राहतात. त्या साठत गेल्या की नवी फाइल बनवताना कॅमेरा अडखळतो.

खड्डे आणि लॉक झालेल्या फाइली

लूप रेकॉर्डिंग चालू असूनही 'मेमरी फुल' येतं, ही आपल्याकडची खास तक्रार, आणि तिचं मूळ रस्त्यात आहे. कॅमेऱ्यात जी-सेन्सर असतो. धक्का बसला की अपघात झाला असं समजून तो चालू फाइल लॉक करतो आणि लॉक फाइल लूपमध्ये पुसली जात नाही. हा सेन्सर 'हाय' वर असला की खड्डा, स्पीडब्रेकर, जोरात लावलेलं दार, सगळंच त्याला अपघात वाटतं. तासाभराच्या रस्त्यावर पाच फाइली लॉक झाल्या तरी दीड जीबीहून जास्त जागा अडकली. काही आठवड्यांत कार्ड अशा फाइलींनी तुडुंब भरतं, लूपला फिरायला चार-दोन फाइलींचीच जागा उरते आणि मग तीही संपते. जागा इतकी आखडली की तेवढ्याच भागावर पुन्हा पुन्हा लिहावं लागतं, म्हणजे कार्डही लवकर झिजतं.

जी-सेन्सर 'लो' वर आणा. रस्ते फारच वाईट असतील किंवा कॅमेरा दुचाकीवर असेल तर सरळ बंद करा आणि गरज पडेल तेव्हा हाताने लॉकचं बटण दाबा. आधीच्या लॉक फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, हव्या त्या उतरवून घ्या आणि कार्ड फॉरमॅट करा. लूप 'ऑफ' असेल तर कार्ड एकदाच भरून कॅमेरा थांबतो, तेवढंही एकदा बघून घ्या.

लांब वायर, बारीक तार

गाडीत लायटर सॉकेटपासून छतावरून फिरवून आरशापर्यंत न्यायची म्हणून केबल साडेतीन मीटरची असते. खोक्यातली केबल हरवली की लोक बाजारातली कुठलीही लांब केबल आणतात आणि खरी गडबड इथून सुरू होते. एडब्ल्यूजी हे तारेच्या जाडीचं माप; बारीक, म्हणजे २८ एडब्ल्यूजीच्या तारेला मीटरमागे ०.२१ ओहम अडथळा असतो. वीज जाते आणि परत येते, म्हणून साडेतीन मीटरचे सात मीटर धरायचे: अडथळा दीड ओहम. कॅमेरा ०.६ अँपिअर ओढत असेल तर वाटेतच ०.९ व्होल्ट खर्च होतात आणि कॅमेऱ्याला ५ ऐवजी ४.१ मिळतात. त्याच लांबीची २४ एडब्ल्यूजीची तार असेल तर ०.३५ व्होल्टच जातात, कॅमेऱ्यापाशी ४.६५ पोचतात आणि तेवढ्यात भागतं. आकडा लहान तेवढी तार जाड, हे लक्षात ठेवा. हा आकडा बऱ्याचदा केबलवरच बारीक अक्षरात छापलेला असतो.

कमी व्होल्टवर कॅमेरा लगेच बंद पडत नाही, म्हणून गोंधळ होतो. कमी पडलेली भर आतली बॅटरी घालते. ती संपली की, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांनी, कॅमेरा विझतो. जरा वेळाने उठतो, पुन्हा विझतो. प्रत्येक विझण्यात एक फाइल अर्धवट राहते. वाय-फाय चालू केलं की किंवा रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की हटकून बंद पडत असेल, तर वीज कमी पडतेय हे समजा. केबल लावलेली असताना स्क्रीनवरच्या बॅटरीच्या चित्रावर चार्जिंगची खूण नसेल तरी तेच. दोन-तीनशे रुपयांत यूएसबी टेस्टर मिळतो. तो कॅमेऱ्याच्या टोकाला लावून रेकॉर्डिंग चालू असताना आकडा वाचा. साडेचारच्या खाली असेल तर केबल बदला. फोनचा फास्ट चार्जर आणि कॅमेरा एकाच जोड-सॉकेटवर असतील तर फोन काढूनही एकदा बघा. ट्रक आणि मोठ्या बसची वीज २४ व्होल्टची असते, तिथे अडॅप्टरवर '१२-२४ व्होल्ट' असं छापलेलंच हवं. कॅमेरा लावल्यापासून एफएम रेडिओ खरखरत असेल तर त्यालाही सहसा हेच स्वस्त अडॅप्टर कारण असतं.

गाडी सुरू करतानाही एक झटका बसतो. चावी फिरवली की सॉकेटला वीज येते, स्टार्टर फिरताना ती क्षणभर जाते किंवा दबते, मग परत येते. आतली बॅटरी धड असेल तर कॅमेऱ्याला हे कळतही नाही. ती गेलेली असेल तर कॅमेरा उठता उठता पडतो, आणि तेही कार्ड उघडत असतानाच. रोज सकाळी पहिली फाइल शून्य बाइटची दिसत असेल तर कारण हे.

पार्किंगमध्येही कॅमेरा चालू हवा म्हणून हार्डवायर किट, म्हणजे कॅमेऱ्याला थेट गाडीच्या फ्यूजमधून वीज देणारी जोडणी, बसवतात. त्यात तीन तारा येतात: सहसा पिवळी सतत वीज असलेल्या फ्यूजला, लाल चावीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजला आणि काळी गाडीच्या पत्र्याला. एअरबॅगच्या फ्यूजला कधीही हात लावायचा नाही. गाडीची बॅटरी अमुक व्होल्टच्या खाली गेली की कॅमेरा बंद करायची सोय किटमध्ये असते. तिथे ११.८ निवडू नका. विसावलेली १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६-१२.७ दाखवते, १२.२ ला अर्धी झालेली असते आणि ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. सेटिंग १२.२ किंवा १२.४ ठेवा. कॅमेरा बॅटरीतून साधारण पाव अँपिअर ओढतो. एका रात्रीत अडीच अँपिअर-तास जातात, ते चालतं. पण बंद करायची ती सोय नसेल किंवा चालली नाही आणि गाडी स्टेशनबाहेर लावून पाच दिवस गावी गेलात तर तीस गेले, आणि लहान गाडीची बॅटरीच पस्तीसच्या आसपास असते. अशा वेळी कॅमेऱ्याची पिन काढूनच निघा.

ऊन

नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीतला डॅशबोर्ड ७० च्या वर सहज जातो. कार्ड ते सोसतं, बहुतेक कार्डांची मर्यादा ८५ अंश असते. लिथियम बॅटरी सोसत नाही. तिची वापराची मर्यादा ६० च्या आसपास आणि चार्जिंगची तर ४५. तापलेल्या गाडीत बसून चावी फिरवली की तापलेली बॅटरी चार्ज व्हायला लागते, आणि तिचा सगळ्यात जास्त नाश याच क्षणी होतो. एक-दोन उन्हाळ्यांत ती फुगते. स्क्रीन एका बाजूने वर उचललेली, कव्हरची शिवण उघडलेली, बटणं घट्ट झालेली दिसली तर कॅमेरा लगेच काढा. दाबून बसवायचा प्रयत्न नको, टोचायचं नाही, पुन्हा चार्जिंगला लावायचा नाही. मोबाईल दुरुस्तीवाला तेवढ्याच क्षमतेची, संरक्षक सर्किट असलेली बॅटरी बसवून देतो. जुनी ई-कचऱ्यात द्या.

नवा कॅमेरा घेणार असाल तर ४के आणि तीन इंची स्क्रीन बघण्याआधी 'सुपरकपॅसिटर' हा शब्द शोधा, म्हणजे आतल्या बॅटरीऐवजी वीज साठवणारा भाग. कपॅसिटर उष्णता जास्त सोसतो, फुगत नाही आणि फाइल बंद करण्यापुरती ताकद देतो. आपल्या हवेत इतर कुठल्याही सोयीपेक्षा याला जास्त किंमत द्यावी, असं ठाम मत आहे. जुना कॅमेरा असेल तर तो डॅशबोर्डवर न ठेवता काचेवर, आरशाच्या मागे सावलीत लावा आणि गाडी दिवसभर उन्हात राहणार असेल तेव्हा काढून घरी न्या.

बॅटरी गेल्याची आणखी एक खूण म्हणजे दर वेळी कॅमेऱ्याची तारीख मागे जाणं. व्हिडिओवर चुकीच्या वर्षाचा १ जानेवारी छापलेला असेल तर पुराव्याच्या वेळी नसता वाद उभा राहतो.

दोन सेटिंगं, पटकन

फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ ठेवा. आपल्याकडची वीज ५० ची आहे, ६० वर ठेवलं तर रात्री रस्त्यावरचे दिवे फडफडताना दिसतात. आणि तीन हजारांच्या कॅमेऱ्यावर '४के' लिहिलेलं असेल तर आत बऱ्याचदा फुल एचडीचाच सेन्सर असतो, चित्र नुसतं ताणून मोठं केलेलं. नंबरप्लेट त्याने जास्त स्पष्ट होत नाही, कार्ड मात्र लवकर भरतं आणि चिप जास्त तापते. अशा कॅमेऱ्यात १०८० पी हेच ठेवा.

फाइल उघडत नसेल तर

एमपी४ फाइलमध्ये कुठलं चित्र कुठे आहे याची सूची असते आणि बरेच कॅमेरे ती सगळ्यात शेवटी लिहितात. वीज आधीच गेली तर चित्रं कार्डावर असतात, सूची नसते आणि प्लेअर फाइल उघडायला नकार देतो. अशी फाइल पुसू नका. अनट्रंक नावाचं मोफत साधन त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली फाइल नमुना म्हणून घेऊन तुटलेल्या फाइलची सूची पुन्हा बांधतं. त्यासाठी एक धड फाइल कायम लॅपटॉपवर जपून ठेवावी. कॅमेऱ्यात एमपी४ ऐवजी टीएस प्रकारच्या फाइलीचा पर्याय असेल तर तोच निवडा. त्यात सूची शेवटी नसते, फाइल मध्ये तुटली तरी तिथपर्यंतचं दिसतं. फाइल पुसलीच गेली असेल तर ती परत मिळवायला फोटोरेक हे साधन वापरून बघता येतं, पण त्यानंतर कार्डावर काहीही लिहिलं गेलेलं नसावं.

अपघात झाला तर कार्डाचं काय करायचं

सगळे सुखरूप आहेत ना ते बघून झालं की कॅमेऱ्याची वीज बंद करा आणि कार्ड काढा. ३२ जीबीच्या कार्डावर पावणेपाच तासांत सगळं पुसून जातं आणि गॅरेजपर्यंत नेताना, तिथे गाडी चालू-बंद करताना हे तास कसे जातात ते कळत नाही. कार्ड मोठ्या अडॅप्टरमध्ये घालून बाजूची छोटी कळ 'लॉक' कडे सरकवा, मगच लॅपटॉपला लावा. फाइल कापू नका, आवाज काढू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवून तीच प्रत जपू नका, कारण तसा पाठवताना तो लहान केला जातो. मूळ फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी उतरवा आणि त्या कार्डावर पुन्हा काही लिहू नका. दुसरं कार्ड शंभर ठिकाणी मिळेल.

प्रत न्यायालयात द्यायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच आहे: पहिला भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात उपकरणाचा तपशील आणि फाइलचं हॅश मूल्य लिहायचं असतं. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची ओळ, फाइलमधला एक बिट बदलला तरी ती बदलते. विंडोजमधल्या सर्टयुटिल या आज्ञेने एसएचए२५६ हॅश मिनिटभरात निघतो. फाइल उतरवली त्याच दिवशी तो काढून तारखेसह लिहून ठेवा.

आधीच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब खाली हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता, तोही जालन्यातून. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगचा वाद होता. जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की प्रत द्यायची तर प्रमाणपत्र बंधनकारक, मात्र मूळ उपकरणच हजर केलं आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर त्याची गरज नाही. म्हणून वकिलाला भेटेपर्यंत ते कार्ड आणि कॅमेरा दोन्ही एका पाकिटात घालून, वर गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ लिहून, कपाटात ठेवून द्या.